अडकलेली पिन

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या विलायतेहून आला, तेव्हा त्याने आम्हांस एक लहानशी पेटी भेट दिली. आत चार तबकड्या होत्या; तळहाताएवढ्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या. असल्या तबकड्याही आता मागे पडल्या असून त्या वाजविणारे यंत्र आमच्या घरी अजून चालते, ह्याचेच त्या मुलास नवल वाटले. पेटीवर लुई आर्मस्ट्राँगचे छायाचित्र होते. ह्या वादकाने १९२५ पासून पुढे शिकागो शहरी आपल्या 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' ह्या लहान वाद्यवृंदांसह जे मुद्रित केले, ते जुन्या लाखेच्या तबकड्यांवरून नव्याने उतरवून त्या पेटीत घातले होते. पुतण्यास आमची आवड ठाऊक होती. तिच्या मुळाशी काय आहे ते ठाऊक नव्हते, आणि आम्हीही त्यास ते सांगितले नाही.

रात्री मंडळी निजल्यावर आम्ही 'वेस्ट एंड ब्लूज' लावले. आरंभी कोणाचीही साथ न घेता ट्रंपेटची एक लांबलचक तान येते; ती खाली उतरते, वर चढते आणि हळूच बाकीच्या मंडळींना आत घेते. मग ट्राँबोन, मग क्लॅरिनेटच्या जोडीने आर्मस्ट्राँगचे ते निरर्थक अक्षरांचे गाणे, मग अर्ल हाइन्सचा पियानो. हे सर्व आम्हांस तोंडपाठ होते. अखेरच्या फेऱ्यात ट्रंपेट वरचा एक सूर धरून उभा राहतो. तो सूर आला, आणि आम्ही खुर्चीतून अर्धे उठलो. उठून करणार काय, ते आमचे आम्हांसच कळेना. इतक्यात तो सूर आपला आपण संपला आणि ट्रंपेट खालच्या सुरांवर मोठ्या ऐटीने उतरत गेला. आम्ही तसेच अवघडून उभे राहिलो. तो सूर संपतो हे आम्हांस ठाऊक नव्हते, असे म्हटल्यास वाचक हसतील. परंतु गोष्ट खरी आहे.

आमचे मामा गोदीतल्या एका कचेरीत कारकून होते आणि गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचे मंडळी तेथे जाऊन पडत असू. मामांपाशी चावीचा ग्रामोफोन होता. त्याच्या शेजारच्या खोक्यात वरच्या बाजूस बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ अशी सोज्ज्वळ मंडळी असत आणि तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या, मामांच्या 'त्या' चौदा प्लेटी. महायुद्ध संपून गोरे शिपाई व अंमलदार मायदेशी परतू लागले, तेव्हा त्यांनी मागे टाकलेला पुष्कळ माल चोरबाजारात आला; त्यातून १९४६ च्या सुमारास मामांनी त्या एकेक करून वेचल्या होत्या. 'वेस्ट एंड ब्लूज'ची तबकडी पार्लोफोन छापाची होती. शिकागोत 'ओके' ह्या कंपनीने घेतलेली मुद्रणे इंग्लंडात त्या नावाने निघत. शिकागोचे वादन इंग्लंडच्या छापातून, कोणा अंमलदाराच्या ट्रंकेतून, चोरबाजारावरून गिरगावात आले होते. साहजिकच वाटेत तिला एक चीर पडली होती.

ती चीर नेमकी त्या वरच्या सुरावर होती. पिन तेथे आली की पुढच्या खाचेत न जाता त्याच फेऱ्यात फिरत राही. तबकडी मिनिटास ७८ वेळा फिरते. म्हणजे एक फेरा पुरता पाऊण सेकंद घेतो. गाण्यात पिन अशी अडकली, तर एकच अक्षर वारंवार ऐकू येते आणि ऐकणारा हसतो. परंतु येथे खाचेत अक्षर नव्हते, निव्वळ लांबविलेला एक सूर होता. त्यामुळे अडकलेली पिन तोच सूर पुढे पुढे नेत राही, फेऱ्यागणिक एक बारीक टिचकी वाजे, आणि सूर काही संपत नसे. मामा खुर्चीत डोळे मिटून बसत. "अरे, ह्या माणसाचा दम बघ!" असे म्हणत. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडे, "पिन अडकली हो!" तरी मामा उठत नसत. आपल्याला पुरे वाटेल तेव्हा ते उठत आणि एका बोटाने तो दांडा किंचित पुढे ढकलीत.

आम्हां मुलांना ही लबाडी ठाऊक नव्हती. अमेरिकेत असा एक मनुष्य आहे की ज्याचा श्वास सरतच नाही, अशी आमची पक्की समजूत होती. त्याच्याशी चढाओढ करण्यासाठी आम्ही श्वास रोखून बसत असू. एकदा आमचा मावसभाऊ त्या नादात निळा पडला. तेव्हा मामींनी ती तबकडी दोन दिवस धान्याच्या डब्यामागे लपवून ठेविली होती.

मामांना हा नाद लागला तो ताजमहाल हॉटेलापायी. आत जाण्याची त्यांची ऐपत नव्हती, आणि असती तरी धोतर नेसून तेथे कोण घेतो! १९३५ साली लिऑन अ‍ॅबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड मुंबईस ताजमध्ये आला आणि त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड हे आले. हे कोणी ऐरेगैरे नव्हते. क्रिकेट स्मिथ १९१३-१४ साली न्यूयॉर्कात जेम्स रीस युरोपच्या नाचाच्या बँडात कॉर्नेट वाजवून तबकड्यांवर उतरलेला. आणि वेदरफर्ड हा पियानिस्ट १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या बँडात प्रत्यक्ष आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून मुद्रिका केलेला. मामा तेव्हा सतरा वर्षांचे होते. अपोलो बंदरच्या कठड्यावर बसून वाऱ्यावरून जेवढे येईल तेवढे आपण ऐकत असू, असे ते सांगत. समुद्राची गाज, घोड्यांच्या टापा आणि मोटारींचे भोंगे ह्यांतून किती ऐकू येत असेल ते देव जाणे. परंतु मामांच्या सांगण्यात कधी फरक पडला नाही. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेला आणि १९४५ साली तेथेच वारला. ह्या मंडळींच्या सहवासात आमच्या गोव्याचे वादक तयार झाले. ट्रंपेट वाजविणारा चिक चॉकलेट हा मूळचा हळदोण्याचा वाझ; १९५१ च्या 'अलबेला'त चितळकर रामचंद्रांच्या संगीतात त्याचा बँड वाजतो, तेव्हा आपली मराठी मंडळी जे ऐकून डोलली, त्याचा एक धागा शिकागोस पोहोचतो. मामांना हे कळले होते. "आण्णांच्या गाण्यात आमचे लोक आहेत," असे ते म्हणत. 'आमचे लोक' म्हणजे कोण, हे कचेरीतल्या मित्रांना शेवटपर्यंत उमगले नाही.

वाचकांपैकी ज्यांनी हे संगीत ऐकले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. त्या काळी अमेरिकेत नाचासाठी वाजविणाऱ्या बँडांत दोन तऱ्हा मानीत: 'स्वीट' आणि 'हॉट'. नाटकातले एखादे पद छापील चालीबरहुकूम गोड म्हणणारा एक गायक असतो, आणि त्याच चालीत आपल्या जागा घेऊन, ठेक्याशी लपंडाव खेळून ती चाल पुन्हा जन्मास घालणारा दुसरा असतो. पहिला स्वीट, दुसरा हॉट. भेद इतकाच की येथे एकाच वेळी तिघेचौघे जागा घेतात आणि तरी एकमेकांच्या पायावर पाय पडत नाही. कॉर्नेटने चाल सांगावी, क्लॅरिनेटने तिच्याभोवती वेल चढवावा, ट्राँबोनने खालून तोलून धरावे, आणि हे सर्व अशा बेताने की खाली नाचणाऱ्यांची पावले चुकू नयेत. हे संगीत सभागृहातल्या श्रोत्यांसाठी नव्हते, पायांसाठी होते. ते पाय मात्र कोणत्याही तबकडीवर उतरले नाहीत.

उतरले नाही असे आणखीही पुष्कळ आहे. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन हा ह्या संगीताचा आदिपुरुष मानतात. १९०७ साली त्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, १९३१ साली तो तेथेच वारला, आणि त्याच्या कॉर्नेटचा एकही सूर आज ऐकावयास मिळत नाही. आमच्याकडे भास्करबुवांचे नाव निघाले की जुनी माणसे जशी नुसती मान हलवितात, तशीच तिकडे बोल्डनच्या नावाने हलवीत. जे मुद्रित झाले तेही सरळपणे झाले असे नाही. बोल्डननंतर न्यू ऑर्लिन्सच्या कॉर्नेटवाल्यांत ज्याला 'किंग' ही पदवी मिळाली, तो जो ऑलिव्हर पुढे शिकागोस जाऊन राहिला. त्याच्या क्रिओल जॅझ बँडने ५ एप्रिल १९२३ रोजी इंडियाना प्रांतातील रिचमंड ह्या गावी प्रथम तबकड्या केल्या. कंपनी गेनेट नावाची. धंदा मूळचा पियानो तयार करण्याचा. मुद्रणाची खोली कारखान्याच्या आवारात रेल्वेच्या रुळांना लागून होती, आणि गाडी आली की काम थांबवावे लागे. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला, त्यापुढे सर्वांनी वाजवायचे, आणि त्या आवाजाच्या हिसक्याने पलीकडे मेणावर सुई खाच कोरीत असे. फार खालचे आणि फार वरचे सूर तिला पेलत नसत. मोठा ढोल वाजविला तर सुई उडे. म्हणून बेबी डॉड्स ह्या त्या काळच्या श्रेष्ठ ढोलवाल्यास लाकडाच्या ठोकळ्यांवर टकटक करण्यावर समाधान मानावे लागले. आणि दुसरा कॉर्नेट वाजविणारा एकवीस वर्षांचा शिष्य, ज्यास ऑलिव्हरने आदल्या वर्षीच न्यू ऑर्लिन्सहून बोलावून घेतले होते, त्याचा आवाज इतका दणदणीत होता की गुरूचा सूर झाकला जाऊ लागला. तेव्हा त्यास बारा-पंधरा फूट मागे, कोपऱ्यात उभे केले. ही हकीकत पियानो वाजविणाऱ्या लिल हार्डिननेच पुढे सांगितली आहे. त्या कोपऱ्यातल्या पोराचे नाव लुई आर्मस्ट्राँग. लिलने त्याच्याशी पुढल्याच वर्षी लग्न केले.

ह्याच कारखान्याने त्याच सुमारास पैसे घेऊन कू क्लक्स क्लॅन ह्या कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या टोळीच्याही तबकड्या छापून दिल्या. दोन्ही मालाला एकच लाख, एकच दाबयंत्र. धंद्याला अंतःकरण नसते हे आम्हीही जाणतो. तथापि हे वाचले त्या दिवशी आम्ही ऑलिव्हरची तबकडी लावू शकलो नाही.

१९२५ साली विजेचे मुद्रण आले. कर्णा गेला, मायक्रोफोन आला, आणि आर्मस्ट्राँगला कोपऱ्यातून पुढे येता आले. 'वेस्ट एंड ब्लूज' २८ जून १९२८ चे. ही चीज मुळात ऑलिव्हरची आहे हे आम्हांस फार उशिरा कळले. त्याने ती त्याच महिन्यात आपल्या बँडसह स्वतः मुद्रित केली होती, आणि दोन-अडीच आठवड्यांनी शिष्याने तीच घेऊन असे काही केले की गुरूची तबकडी आज केवळ तुलनेसाठी ऐकतात. ऑलिव्हरचे दात आणि हिरड्या तोवर खराब झाल्या होत्या. कॉर्नेट वाजविणाऱ्यास हे गवयाचा गळा बसण्यासारखे. मग मंदी आली, रेडिओ आला, तबकड्यांचा खप पार बसला. सव्हाना शहरी भाजी विकीत असलेला ऑलिव्हर आपल्याला भेटला होता, असे आर्मस्ट्राँगने लिहून ठेविले आहे. १९३८ साली तो तेथेच, एका खेळघरात झाडलोट करण्याच्या कामावर असताना वारला.

अशा वेळी जुन्या तबकड्यांची पर्वा कोण करणार? नाचाची फॅशन बदलली की नाचाची तबकडी म्हणजे गेल्या वर्षीचे पंचांग. परंतु न्यूयॉर्कात मिल्ट गेबलर नावाचा एक दुकानदार निघाला. त्याने १९३५ च्या सुमारास कंपन्यांकडून बाद झालेली मुद्रणे मागून घेऊन पुन्हा छापविण्यास आरंभ केला. आणखी एक मोलाची गोष्ट त्याने केली: तबकडीच्या कागदावर प्रत्येक वादकाचे नाव घातले. तोपर्यंत वर केवळ बँडचे नाव असे; क्लॅरिनेट कोणी वाजविला, ढोल कोणाचा, ह्याची नोंद कोणास नको होती. १९३६ साली पॅरिसात शार्ल दलोने ह्याने तर कोणत्या दिवशी कोण कोण वाजवीत होते, ह्याची यादीच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुनर्मुद्रण म्हणजे जुना माल नव्या वेष्टनात विकणे, असे आमचे एक स्नेही म्हणतात. असेलही, परंतु येथे त्या वेष्टनावर पहिल्यानेच माणसांची नावे आली.

ह्यानंतरच्या गोष्टीत आमच्या देशाचा थोडा संबंध येतो. त्या तबकड्यांत दगडाची पूड आणि काजळी बांधून धरी ती लाख, आणि लाखेचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होई: छोटा नागपूरच्या आणि मध्यप्रांताच्या रानांतील पळस-कुसुमावरची. महायुद्धात समुद्र असुरक्षित झाला, लाखेची गरज लष्करास लागली, आणि एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर ७० टक्के कपात लादली. कंपन्या जुन्या तबकड्या परत घेऊन भरडू लागल्या. जुने भरडून नवे करायचे! आमच्या पळसावरच्या किड्याने दिलेली लाख एकदा ऑलिव्हरचा कॉर्नेट झाली असेल, आणि पुन्हा भरडून कोणा फुटकळ प्रेमगीताची तबकडी झाली असेल. धातूचे मूळ साचेही पुष्कळ ठिकाणी मोडीत गेले. ऑलिव्हरच्या गेनेट मुद्रणांचे साचे आज नाहीत. जे ऐकतो ते लोकांच्या घरी राहिलेल्या, पार्ट्यांत झिजलेल्या तबकड्यांवरून. त्यांतली ५२७५ क्रमांकाची, दोन्ही बाजूंस एकेक चीज असलेली, साऱ्या जगात एकच ठाऊक आहे. ती एक कोणाच्या हातून पडली असती, तर दोन्ही चिजा गेल्या असत्या. १९२३ च्या त्या मुद्रणांवरील हक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी संपले. आता ती सर्वांची आहेत, म्हणजे ज्यांनी एकेक प्रत फडक्यात बांधून ठेवली त्या संग्राहकांची कृपा सर्वांची आहे.

आमच्या पेटीतील तबकड्या जॉन आर. टी. डेव्हिस ह्या इंग्रज गृहस्थाने उतरवल्या होत्या. हा १९२७ साली जन्मला, २००४ साली वारला; स्वतः वादक, आणि जुन्या तबकडीतून आवाज काढण्यात सर्वांचा गुरू. खाचेची एक कड झिजलेली असली तर न झिजलेल्या कडेवर बसेल अशी निराळ्या जाडीची सुई तो शोधून काढी. तबकडीतला आवाज चुंबकीय फितीवर घेतल्यावर, चरा जेथे टिचकी मारतो ती जागा फितीवर हाताने हुडकून तेथला लेप पात्याने अलगद खरवडीत असे. एकेका तीन मिनिटांच्या चिजेत अशा शेकडो टिचक्या! आता हे काम संगणक क्षणात करतो, आणि पुष्कळदा नको तितके करतो. खरखर पुसताना तो झांजेचा झगझगाट पुसतो, क्लॅरिनेटवाल्याचा श्वास पुसतो, आणि उरतो तो घोंगडीखालून आल्यासारखा आवाज. १९८० नंतरच्या दशकात रॉबर्ट पार्कर ह्या ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञाने तर जुन्या एकमार्गी मुद्रणांना दोन बाजू आणि दिवाणखान्याचा घुमारा जोडून दिला. तो पुष्कळांस आवडला, आम्हांस नाही. जी खोली रिचमंडच्या रुळांशेजारी होती, तिला दुसऱ्याच खोलीचा प्रतिध्वनी कशास?

डेव्हिसच्या कामातले खरे कौशल्य आम्हांस एका टकटकीवरून कळले. मामांच्या तबकडीत वादन संपता संपता, अगदी शेवटी, एक लहानसा 'टक्' येई. तीही चीरच, असे आम्ही समजत होतो. इतक्या टिचक्यांत एक जास्त. नव्या तबकडीत खरखर जवळजवळ नाही, टिचक्या नाहीत, आणि शेवटी तो 'टक्' मात्र आहे. ती चीर नव्हती. तो झटी सिंगल्टन ह्या ढोलवाल्याने लहान झांजांनी दिलेला शेवटचा ठोका होता. १९२३ साली बेबी डॉड्सला ठोकळ्यांवर बसविले, १९२८ साली सिंगल्टनला हातातल्या झांजांवर; त्यातून त्याने एवढे एकच टिंब शेवटी ठेवले, आणि आम्ही ते पन्नास वर्षे तबकडीचा दोष म्हणून ऐकले. यंत्राच्या लेखी चरा आणि हा ठोका सारखेच. कोणता टक् खरवडायचा आणि कोणता ठेवायचा, हे ज्याच्या कानास कळते त्याच्याच हाती पाते द्यावे.

आमच्या हाती ते द्यावयास नको होते. मामा १९८८ साली वारले. खोली सोडून मामींनी डोंबिवलीस मुलाकडे जावयाचे ठरले, आणि सामानाची आवराआवर आमच्याकडे आली. आम्ही तेव्हा तेहतीस वर्षांचे, नोकरीत बढती मिळालेले, आणि जुन्या वस्तू काढून टाकण्यात काही पुरुषार्थ आहे असे मानणारे. जुन्या सामानाच्या दलालास बोलावले. त्याने ग्रामोफोनचे पैसे मोजले आणि तबकड्यांकडे पाहून म्हणाला, "ह्या कोण घेतो, साहेब?" मग त्याने त्या फुकट उचलल्या, आणि खोली मोकळी झाली म्हणून आम्हीच त्याचे आभार मानले. बालगंधर्व गेले, खाँसाहेब गेले आणि त्या चौदाही गेल्या. मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "ती थांबणारी तेवढी ठेवायची का रे?" आम्ही उत्तर दिले, "मामी, ती तर बिघडलेली!" त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. हे उत्तर आम्हांस गेली कित्येक वर्षे आठवत आहे, आणि दर वेळी त्यातला 'तर' अधिक बोचतो.

मामी आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने बरे येते. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात आम्ही यंत्र पिशवीत घालून डोंबिवलीस गेलो. चहा झाला, कोणाकोणाची विचारपूस झाली. मग आम्ही ते त्यांच्या डाव्या बाजूस टेबलावर ठेवले आणि म्हटले, "मामी, एक ऐकवतो, ओळखा." त्यांनी पदर सावरला आणि लहान मूल बसते तशा सरळ बसल्या. ट्रंपेटची पहिली तान झाली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. गाणे आले तेव्हा त्या थोडे हसल्या. पियानो संपला आणि तो वरचा सूर आला. मामींनी उजवा हात किंचित वर केला, जणू पलीकडच्या खुर्चीतल्या कोणास उठू नका म्हणून सांगत आहेत. सूर पुरे दहा सेकंद टिकला आणि खाली उतरला. त्यांचा हात तसाच राहिला, मग मांडीवर आला.

"ही आमची नव्हे," त्या म्हणाल्या.

"तीच आहे, मामी. साफ केलेली."

"छे! आमची इथे थांबायची. हे उठेपर्यंत थांबायची."

आम्ही काही बोललो नाही. पियानो पुन्हा आला, ट्रंपेट शेवटचे सांगून गप्प झाला, आणि सगळ्यांच्या मागून तो लहानसा टक् वाजला. मामींनी चटकन मान वळवून आमच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे चमकले होते.

"हा मात्र आमचाच," त्या म्हणाल्या. "ती चीर माझ्या हातून पडलेली. डब्यामागून काढताना."

झटी सिंगल्टनचे नाव आम्ही त्यांना सांगितले नाही. त्यांनी आणखी एकदा लाव म्हटले, आणि आम्ही लावले.